मदत हवी आहे : जी–टी ही चुकीची जोडी पॉलिमरेजच्या मुठीतून निसटते कशी?

नमस्कार. मी एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी साधारण ९०० बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं ए, टी, जी, सी; बरोबर जोड्या ए–टी आणि जी–सी) एक जीन टॅक पॉलिमरेज या डीएनएची नक्कल करणाऱ्या एंझाइमने ३० सायकल पीसीआर (डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याची पद्धत) करून क्लोन केला. तीन कॉलन्यांचं (एकेका जिवाणूपासून वाढलेल्या ठिपक्यांचं) सिक्वेन्सिंग, म्हणजे बेसचा क्रम, आलं. दोन बरोबर, तिसरीत एका जागी ए हवा तिथे जी. आधी वाटलं रीडच (क्रम वाचल्याचा आलेखच) खराब असेल, पण उलट दिशेच्या रीडमध्येही नेमक्या त्याच जागी स्वच्छ, एकटं शिखर. चूक खरीच होती. टॅकला प्रूफरीडिंग (चुकीचा बेस कापून काढणं) नाही हे माहीत आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

पॉलिमरेजची रचना उजव्या हातासारखी, हे १९८५ साली स्टाइट्झ यांच्या गटाने क्लेनो फ्रॅगमेंटची (ई. कोलाय जिवाणूच्या पॉलिमरेजच्या एका तुकड्याची) रचना काढली तेव्हापासून सगळे सांगतात. तळव्यात मॅग्नेशियमचे दोन आयन, तिथे जोडणी होते. अंगठा डीएनए धरतो. बोटं नवा न्यूक्लिओटाइड (बेस असलेला डीएनएचा सुटा घटक) घेऊन मिटतात, आणि जोडीचा आकार बरोबर असेल तरच मूठ नीट बसते. कूल यांच्या गटाचा १९९७चा प्रयोग वाचून तर मी थक्क झाले: आकार थायमिनचा, पण हायड्रोजन बंध जवळजवळ न करणारा रेणू दिला, तरी एंझाइमने तो ए समोर बसवला! म्हणजे परीक्षा मुख्यतः आकाराची.

मग जी–टी पास कशी होते? त्या जोडीत बेस एकमेकांपासून सरकलेले असतात, मूठ मिटायलाच नको. आणि एकदा आत शिरलेली चूक प्रूफरीडिंगवाल्या एंझाइमना नंतर कळते, ती कशावरून? दोन दिवस यावरच अडले आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

दोन्हीचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. बेसमधला एखादा हायड्रोजन क्षणभर जागा बदलतो, आणि तेवढ्या वेळापुरती जी–टी जोडी जी–सीच्याच मापाची होते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्येच ही शक्यता मांडली होती. २०११ मध्ये पॉलिमरेजच्या मिटलेल्या मुठीत अशा चुकीच्या जोड्या बरोबर मापात बसलेल्या स्फटिकांत दिसल्या, एका गटाला जी–टी, दुसऱ्याला ए–सी.

जोडणी झाली की हायड्रोजन मूळ जागी येतो, जोडी पुन्हा सरकते आणि साखळीचं टोक वाकडं होतं. पुढचा न्यूक्लिओटाइड चटकन बसत नाही, एंझाइम अडखळतं. तेवढ्या वेळात टोक साच्यापासून (जिची नक्कल होते त्या पट्टीपासून) सुटून कापणाऱ्या जागेत जातं. क्लेनोमध्ये ती तळव्यापासून ३० अँगस्ट्रॉमच्याही पलीकडे आहे. टॅकमध्ये तो भाग नावापुरता उरलाय, कापायला लागणारे धातूचे आयन धरणारी अमिनो आम्लंच तिथे नाहीत. म्हणून ते अडखळतं, पण चूक घेऊनच पुढे जातं.

तुमच्याकडे टी समोर जी बसला असेल किंवा दुसऱ्या पट्टीवर ए समोर सी. सिक्वेन्सिंगवरून हे वेगळं करता येणार नाही. पुढचं क्लोनिंग पीएफयू या प्रूफरीडिंगवाल्या पॉलिमरेजने करा.

धागाकर्ती

मनापासून आभार! म्हणजे चूक दिसते ती अडखळण्यातून. मग डीएनटीपी (सुटे न्यूक्लिओटाइड) जास्त घातले तर पुढचा न्यूक्लिओटाइड लवकर बसून पीएफयूच्याही चुका वाढतील का? कुणी करून पाहिलंय?