अ‍ॅम्बेसिडर: मॅनिफोल्डचं पॅकिंग चार महिन्यांत दोनदा उडालं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी अ‍ॅम्बेसिडर मार्क ४, १९८६ची, पेट्रोल, १४८९ सीसी. वडिलांनी घेतलेली. आता रविवारची मी फिरवतो, कोल्हापूर ते सांगली, फार तर पन्हाळा.

जूनमध्ये सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक यायला लागली. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) असणार म्हणून कव्हर उघडून सगळ्यांची फट पंधरा थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावून घेतली. आवाज जिथल्या तिथे! मग लक्षात आलं की इंजिन तापलं की दहा मिनिटांत तो विरतो. टॅपेट असा शहाण्यासारखा गप्प बसत नाही. थंड इंजिन सुरू करून मुलाला सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर फडकं धरायला लावलं, तर क्लीनर साइडला (डावीकडे), अगदी मागे, फुस फुस ऐकू आलं. बॅटरी मारून पाहिलं तर हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) काजळीचा पट्टा. चार नंबरच्या प्लगची वायर काढली की टिकटिक बंद. म्हणजे मॅनिफोल्डचं (हेडला जोडलेल्या हवेच्या आणि धुराच्या नळ्यांचं) पॅकिंग गेलंय, एवढं नक्की.

मेस्त्रींनी पॅकिंग बदललं. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला करडा मऊ थर असलेलं होतं. सहा आठवड्यांत परत तेच. दुसऱ्यांदा त्यांनी पॅकिंगच्या दोन्ही अंगांना लाल सिलिकॉन फासलं आणि पान्याला पाइप घालून नट आवळले. दोन स्टडची (नट ज्यावर बसतात त्या दांड्यांची) आटी घसरली, ते नवे घालावे लागले. हेही पॅकिंग दोन महिनेच टिकलं. काल मी स्वतः उघडलं. दोन्ही जुनी पॅकिंगं समोर ठेवलीत, जळालेली जागा एकच: चार नंबरचं भोक, खालची कड.

आता विचारायचंय ते असं. पुण्यात नाना पेठेत एका दुकानदाराकडे जुन्या साठ्यातलं तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग आहे, तो म्हणतो "हे जन्मभर जातं". ते घेऊ का? पत्र्याची बाजू हेडकडे ठेवायची की मॅनिफोल्डकडे? मेस्त्री म्हणतात हेडकडे, त्यांचा धाकटा भाऊ म्हणतो मॅनिफोल्डकडे, आणि दोघं एकाच गॅरेजात काम करतात. सिलिकॉन लावायचं का? आणि नट किती आवळायचे?

घाईचं कारण म्हणजे धूर हीटरच्या वाटेने आत येतो. आईला गाडीत डोकं दुखल्यासारखं झालं.

थाऊमोजे:

डोकेदुखीचं आधी सांगतो. हा कार्बन मोनॉक्साइड आहे, त्याला ना रंग ना वास. गळती थांबेपर्यंत आईंना गाडीत बसवू नका, आणि काचा उघड्या ठेवून भागेल असंही समजू नका.

आता पॅकिंग. दोनदा एकाच जागी जळालं म्हणता, मग तिसरं सोन्याचं आणलंत तरी तिथेच जळेल. पॅकिंग मार खातंय, मारणारा दुसराच आहे.

हे इंजिन मूळचं इंग्लंडच्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज, एमजीबी गाडीत १७९८ सीसीचं होतं त्याच घराण्यातलं. यात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारं) एकाच अंगाला आहेत आणि दोघांना मिळून पॅकिंग एकच. पाच भोकं: तीन एक्झॉस्टची, दोन इनटेकची. मधलं एक्झॉस्ट दोन आणि तीन नंबरचं सामाईक. मधल्या स्टडवरचे जाड वायसर अर्धे इनटेकच्या कानावर (मॅनिफोल्डच्या बाहेर आलेल्या कडेवर) आणि अर्धे एक्झॉस्टच्या कानावर बसतात. गोची इथेच होते. कधीकाळी कुणी एकच मॅनिफोल्ड बदललं किंवा घासलं असेल तर दोन कानांची जाडी सारखी राहत नाही. मग वायसर जाड कानावर टेकतो, पातळ कान मोकळा राहतो, आणि पाना मारणाऱ्याला वाटतं सगळं घट्ट झालं. व्हर्नियर घ्या आणि प्रत्येक जोडीची जाडी मोजा.

पण तुमचं गळतंय ते टोकाला, तिथे एक्झॉस्ट एकटंच आहे. म्हणून मला वाकण्याचा संशय जास्त. मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी धरा आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) घाला. पाच-सहा थाऊपेक्षा जास्त पान शिरलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर फेस मारून (तोंड घासून सपाट करून) घ्या. मात्र दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना जोडून, एका बसणीत. वेगवेगळी घासलीत तर वर सांगितलेलं दुखणं स्वतःच्या हाताने तयार कराल.

आणि गाडीखाली शिरा. फ्रंट पाइपला गिअरबॉक्सजवळ क्लॅम्प असतो, तो आहे का? इंजिन रबरावर डुलतं. पाइप तिथे धरलेला नसला की सायलेन्सरचं सगळं वजन मॅनिफोल्डच्या मानेवर येतं, आणि प्रत्येक क्लचला हिसका बसतो.

तुमचे बाकीचे प्रश्न. जुन्या साठ्यातलं पॅकिंग घेऊ नका, त्या काळच्या तांब्याच्या पॅकिंगात आत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. हेडवर जुनं काही चिकटलेलं असेल तर पाण्याने भिजवून खरवडा, कोरडं घासू नका आणि हवेचा पाइप अजिबात मारू नका. नवं मऊ थराचंच बरं. तोंडं थोडी वरखाली असली तरी ते सांभाळून घेतं. पत्रा मॅनिफोल्डकडे ठेवा, म्हणजे धाकटा भाऊ बरोबर. तापल्यावर मॅनिफोल्ड लांब होऊन सरकतं. पत्र्यावरून ते घसरेल, मऊ थर समोर असेल तर फाडेल. सिलिकॉन बिलकुल नको. एक्झॉस्टच्या तोंडाशी ते जळून जातं आणि इनटेककडे पेट्रोलने फुगून सुटतं.

नट पितळी लांब घ्या, गंजून धरत नाहीत. खाली स्प्रिंग वायसर नको, उष्णतेने त्याची ताकद जाते. आवळायचं मधून टोकांकडे, तीन फेऱ्यांत, शेवटी १५ फूट-पौंड म्हणजे साधारण २ किलोग्रॅम-मीटर. पान्याला पाइप लावायचं काम हे नव्हे. इनटेक आणि एक्झॉस्टला मध्ये जोडणारे बोल्ट आधी सैल ठेवा, दोन्ही हेडवर बसली की मगच ते आवळा.

जुनाखोड:

फ्रंट पाइपच्या क्लॅम्पला शंभर टक्के अनुमोदन. माझ्या गाडीत तो नव्हता, आणि मी चार वर्षं दुकानदारांना शिव्या दिल्या.

मूळ धागाकर्ता (अकरा दिवसांनी):

थाऊमोजे, कुठे राहता सांगा, पेढे पाठवतो.

मोजलं. चार नंबरच्या टोकाला १४ थाऊचं पान आरपार गेलं. कानांच्या जाडीत एका ठिकाणी जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता. आणि गिअरबॉक्सजवळचा क्लॅम्प, काय सांगू, तिथे नुसतं बोल्टचं भोक आहे! दोन वर्षांपूर्वी क्लचचं काम केलं तेव्हा काढला असणार, परत बसवायचा राहिला. मेस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "तो नसला तरी चालतंय." चाललं खरं, दोन वर्षं.

उद्यमनगरात दोन्ही मॅनिफोल्ड जोडून फेस मारून घेतली. ग्राइंडरवाल्याने आधी एकेकच लावायला घेतलं होतं, मी उभा होतो म्हणून बरं. क्लॅम्प पट्टीतून वाकवून घेतला. गेल्या रविवारी घरीच बसवलं, पत्रा बाहेर, सिलिकॉन शून्य. सकाळी थंड इंजिन सुरू केलं तर फक्त टॅपेटची नेहमीची कुरकुर. गाडी पुन्हा पन्हाळ्याला नेली, तेव्हा उतारावर पाय उचलल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट व्हायची तीही गेली. त्या फटीतून हवा आत ओढली जात होती म्हणायची.

एकच राहिलं. नट परत आवळायचे का, आणि गरम असताना की थंड?

थाऊमोजे:

एकदा चांगली तापवा, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी त्याच क्रमाने त्याच जोराने एक फेरी. गरम असताना पितळी नटाला हात लावू नका, आटी सोलून येते. पेढे नकोत, आई आता गाडीत बसतात का ते कळवा.

मूळ धागाकर्ता:

बसली. नृसिंहवाडीला जाऊन आलो. डोकं दुखलं नाही, पण "एसी नाही" ही तक्रार १९८६पासून आहे तशीच.