दुर्गम बेटांवरील अभयारण्ये: एकच मोठे की अनेक लहान?

खानापूरकर: नमस्कार. महाविद्यालयातील चर्चासत्रासाठी मी दूरवरच्या बेटांवरील संरक्षित क्षेत्रांच्या आखणीवर टिपण लिहीत आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील भीमगडचे जंगल गोव्यातील म्हादई अभयारण्याला लागून असल्याने गवा घाट उतरून पलीकडे जाऊ शकतो. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटांवर ही सोय नाही. तेथे एकच मोठे बेट राखावे की अनेक लहान बेटे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मलप्रभाकाठ: मॅकआर्थर आणि विल्सन या जीवशास्त्रज्ञांच्या १९६७ मधील सिद्धांतानुसार बेट जितके मोठे आणि मुख्य भूमीला जितके जवळ, तितक्या तेथे प्रजाती अधिक. तरीही नुसत्या क्षेत्रफळावर भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. कारण एखादा पक्षी जगात एकाच लहानशा बेटावर असेल, तर ते बेट वगळणे म्हणजे त्या पक्ष्यावर पाणी सोडणे होय. शिवाय खरा धोका बहुधा जहाजातून उतरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर शिरलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तेथील बहुतेक रानपक्षी संपवले. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर सील आणि देवमाशांच्या शिकारी जहाजांतून आलेले उंदीर जमिनीवरील घरट्यांतली अंडी-पिल्ले फस्त करीत. समुद्रापर्यंत पोहोचलेल्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नसल्यामुळे बेटाचे आपोआप वेगवेगळे विभाग पडले होते, आणि हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून एकेक विभाग साफ करता आला. हिमनद्या मागे हटत असल्याने घाईही करावी लागली. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. म्हणून आराखड्यात धक्क्यावरील मालाची तपासणी आधी असावी, सीमारेषा नंतर.

निपाणीकर: वरील मताशी सहमत आहे, परंतु माणसांचा उल्लेख राहिला. ब्रिटनने २०१० मध्ये हिंदी महासागरातील चागोस बेटांभोवती सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले, तेव्हा तेथून १९७३ पर्यंत हलवलेले मूळ रहिवासी परतीचा हक्क मागतच होते; पुढे २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने या बेटांवर दावा सांगणाऱ्या मॉरिशसच्या हक्कांकडे दुर्लक्ष झाल्याचे सांगून ती घोषणा सागरी कायद्याशी विसंगत ठरवली. भीमगडमधील गावांच्या स्थलांतराची चर्चा ऐकणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

खानापूरकर: दोघांचेही आभार. ग्रेट निकोबारचा दाखला घ्यावा काय?

मलप्रभाकाठ: अवश्य घ्यावा. चामडी पाठीची कासवे जेथे अंडी घालतात, त्या गलाथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये बंदरासाठी काढण्यात आला. घोषित क्षेत्र कागदावरून पुसलेही जाते, हे टिपणात जरूर यावे.