'सार्जंट पेपर': दबदबा मोठा, गाणी बेताची

उलटीबाजू (धागा)

रॉकमधला सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता, असं विचारलं की निम्मी मंडळी अजूनही बीटल्स या ब्रिटिश बँडच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'चं नाव घेऊन मोकळी होतात. १९६७ चा हा अल्बम परवा सलग ऐकला. १३ गाणी, ४० मिनिटांना थोडी कमी. 'अ डे इन द लाइफ' अफाट आहे, तिथे वादच नाही. 'लूसी' आणि 'शीज लीव्हिंग होम'ही चांगली. पण उरलेल्यांपैकी किती गाणी तुम्ही कुणी न सांगता पुन्हा लावाल? 'लव्हली रीटा'? 'फिक्सिंग अ होल'? 'व्हेन आयम सिक्स्टी-फोर'ची चाल बँडमधल्या मॅकार्टनीने पोरवयात बांधली होती आणि ती तशीच वाटते.

'पहिला मोठा कन्सेप्ट अल्बम' (म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेत ओवलेला) हे तर निव्वळ कौतुक. इथे बीटल्स 'सार्जंट पेपर'च्या बँडचं सोंग घेतात. काल्पनिक बँडची ती कल्पना दुसऱ्या गाण्यात गळपटते आणि शेवटाकडे शीर्षकगीत परत आलं की आपल्याला आठवतं, अरे हो, बँड होता नाही का! आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी काही संबंध नव्हता, हे बँडमधल्याच लेननने पुढे स्वतःच सांगितलं.

राहिली स्टुडिओतली करामत. टेप लूप (टेपचा तुकडा गोल जोडून तोच तो आवाज वाजवणं), उलटी वाजवलेली गिटार, आवाजावर आवाज चढवणं, हे सगळं आदल्या वर्षीच्या 'रिव्हॉल्वर'मध्ये झालेलं आहे. तेही कितीतरी सरस गाण्यांवर. मग मान 'पेपर'ला का?

पडघम

साफ असहमत. तुम्ही गाणी सुटी करून मार्क देताय.

जरा आधीचा काळ बघा. १९६३ च्या फेब्रुवारीत याच चौघांनी पहिल्या अल्बममधली १० गाणी एका दिवसात उरकली होती. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा दौऱ्यावरचा कार्यक्रम केला आणि नंतर स्टुडिओत शिरले ते जवळपास पाच महिने. स्टेजवर वाजवायचं बंधन गेलं, तेव्हा गाणं काय होऊ शकतं याचं उत्तर म्हणजे हा अल्बम. हाताशी चार ट्रॅकची यंत्रं (टेपवर चारच वेगळ्या पट्ट्या), बस्स. 'मिस्टर काइट' या गाण्यासाठी जत्रेतल्या ऑर्गनच्या टेपा कापल्या, तुकडे उधळले आणि हाताला येतील तसे जोडले. 'अ डे इन द लाइफ'मध्ये ४० वादकांना सांगितलं, तुमच्या वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्या सुरापर्यंत आपापल्या गतीने चढत जा, शेजारच्याकडे बघू नका. हे आज घरी बसून कुणीही करेल. तेव्हा करणारे हेच.

उलटीबाजू

पडघम, तुमचा प्रतिसाद सुरेख आहे, पण त्यात एकाही चालीबद्दल अवाक्षर नाही. या अल्बमची बाजू घेणारा प्रत्येक जण तो कसा केला हेच सांगतो. मेहनत मान्य, पण मी अल्बम ऐकतोय, हजेरीपट वाचत नाही. टेपा उधळून जोडल्या म्हणून 'मिस्टर काइट' मनात घोळत राहतं असं काही माझं होत नाही बुवा.

आणि हे म्हणणारा मी पहिला नाही. १९६७ च्या जूनमध्येच समीक्षक रिचर्ड गोल्डस्टीनने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं होतं की अल्बम अतिलाडाने बिघडलाय. 'अ डे इन द लाइफ' मात्र त्यालाही आवडलं होतं. म्हणजे माझ्यासारखंच.

मोनोप्रेमी

मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. तुम्ही ऐकलंत काय, मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टीरिओ (डावा-उजवा वेगळा)? बहुतेक स्टीरिओच. बीटल्स स्वतः हजर राहून घोटत बसले ते मोनो मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेली शेवटची प्रत. स्टीरिओचं काम त्यांच्या गैरहजेरीत भराभर आटपलं, कारण १९६७ च्या ब्रिटनमध्ये बहुतेकांकडे मोनोच होतं. फरक बारीकसारीक नाही. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये वेगवान आहे, जवळजवळ अर्ध्या सुराने वर. स्टीरिओत तेच गाणं रडकं होतं. शीर्षकगीत परत येतं तिथले ड्रम मोनोमध्ये दणका देतात. आधी ते ऐका, मग बेताची म्हणा.

चोखंदळ

'खरी आवृत्ती ऐका' हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही, मोनोप्रेमी. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. मार्च १९५९ च्या पहिल्या सत्रात ध्वनिमुद्रणाचं यंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे तबकडीची अख्खी पहिली बाजू वाजताना किंचित चढ्या सुरात यायची. दुरुस्ती झाली थेट १९९० च्या दशकात. म्हणजे तीसेक वर्षं लोक चुकीच्या वेगातला त्या बाजूवरचा 'सो व्हॉट' ऐकून वेडे होत होते! त्यांचं काय अडलं? जे खणखणीत आहे ते वाईट मिक्समधूनही पोचतं. 'पेपर'ला योग्य मिक्स, योग्य वर्ष, योग्य पार्श्वभूमी असा सगळा सरंजाम लागत असेल, तर उलटीबाजू यांचंच खरं ठरतं.

(अवांतर: 'विदिन यू विदाउट यू' लोक सर्रास पुढे ढकलतात. माझ्या मते या अल्बमात 'अ डे इन द लाइफ'खालोखाल तेच सरस. त्यात बीटल्सपैकी फक्त हॅरिसन आहे, बाकी लंडनमधले भारतीय वादक आणि मागाहून जोडलेले पाश्चात्त्य तंतुवादक.)

तळटीप

मान 'पेपर'ला का मिळाला, याचं एक साधं कारण आहे. ते संगीतात सापडणार नाही.

ब्रिटनमध्ये 'रिव्हॉल्वर' १४ गाण्यांचा होता. अमेरिकेत कॅपिटल कंपनीने त्यातली तीन गाणी आधीच दुसऱ्या अल्बमात घालून टाकली होती, म्हणून तिथे ११ गाण्यांचा विकला. तिन्ही लेननची. अमेरिकी श्रोत्याच्या हातात आला तो लेनन जवळपास उणे केलेला 'रिव्हॉल्वर'. बीटल्सना हवी होती तीच गाणी, त्याच क्रमाने, दोन्हीकडे निघालेला पहिला अल्बम 'सार्जंट पेपर'. अमेरिकेत ग्रॅमीचा 'अल्बम ऑफ द इयर'ही त्यालाच मिळाला, रॉकमधला पहिलाच. पुढे श्रेष्ठ अल्बमांच्या याद्या करणारे बरेचसे याच वातावरणात वाढलेले अमेरिकी समीक्षक. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००३ च्या यादीत 'पेपर' पहिला, 'रिव्हॉल्वर' तिसरा. २०२० मध्ये मत देणारे बदलले आणि 'पेपर' घसरला २४ वर, 'रिव्हॉल्वर' ११ वर. गाणी तीच आहेत.

पडघम

तळटीप, माहिती झकास. पण घसरण म्हणजे सत्य बाहेर आलं, असं कुठे ठरलं? २०२० वाल्यांचीही आपली वर्षं आहेतच. पन्नास वर्षांनी त्यांचा पहिला नंबर कुठे असेल बघू.

ऐकीव

'पेपर' निदान नीट ऐकू तरी येतो. मला राग येतो तो 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'चा (१९७२, रोलिंग स्टोन्स. वरचं मासिक वेगळं, हा बँड). ध्वनिमुद्रणाला फ्रान्समधल्या बंगल्याचं तळघर, कर चुकवायला देश सोडलेली मंडळी, रात्र रात्र जागरणं, ही दंतकथा सगळ्यांना पाठ. पण तबकडीच्या चार बाजूंमध्ये गायक जॅगर काय म्हणतोय हे कळायला कान देऊन बसावं लागतं. दुसऱ्या कुणी असं मिक्स केलं असतं तर 'गचाळ' म्हटलं असतं. इथे म्हणे 'वातावरण'!

कॅप्टन बीफहार्टच्या 'ट्राउट मास्क रेप्लिका' या अल्बमबद्दल बोलतच नाही. पाच-सहा वेळा ऐकल्यावर आवडतो म्हणतात. एवढ्या वेळा ऐकलं तर कशाचीही सवय होते.

चोखंदळ

'एक्झाइल'वर मात्र मी तुमच्या विरुद्ध. गायक मागे गेला म्हणून पियानो, ब्रास, चार्ली वॉट्सचे ड्रम सगळे एका पातळीवर आले. खोलीत दहा माणसं वाजवताहेत आणि आपण दारात उभे, असं वाटतं. शिवाय ही कीर्ती जाहिरातीची नाही. १९७२ मध्ये समीक्षक थंडच होते, नाव पुढे हळूहळू झालं. 'व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको' हा अल्बम तर १९६७ मध्ये फारसा खपलाही नाही. उलटीबाजू, 'दबदबा मोठा, गाणी बेताची' हा तुमचा सिद्धांत गाजावाजा करून निघालेल्या अल्बमांना लागू पडतो. या दोघांचं काय करणार?

उलटीबाजू

त्यांचं काहीच करणार नाही, ते दोन्ही मला आवडतात. माझा धागा 'पेपर'पुरता आहे, तुम्हीच पसरवलात.

आता मुद्द्याचं. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' याच अल्बमच्या कामात तयार झाली. कंपनीला घाई होती म्हणून फेब्रुवारी १९६७ मध्ये सिंगल (दोन गाण्यांची छोटी तबकडी) काढलं. ब्रिटनमध्ये सिंगलची गाणी अल्बममध्ये सहसा घ्यायची नाहीत, म्हणून दोन्ही बाहेर. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने पुढे ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक म्हटली. ही दोन घ्या, 'लव्हली रीटा' आणि 'गुड मॉर्निंग' काढा, मी आजच धागा मागे घेतो.

मोनोप्रेमी

'गुड मॉर्निंग'ला हात लावू नका! तिच्या शेवटी कोंबडीचा आवाज येतो, तोच पुढच्या गाण्याच्या पहिल्या गिटारच्या सुरात विरघळतो. ती काढली तर तो सांधा तुटतो. आणि काढायचं कशाला? सिंगलची दोन्ही गाणी मिळून सातेक मिनिटं. सगळं धरून ४७ च्या आसपास. बीटल्सचाच 'ॲबी रोड' तेवढाच आहे, तो बसला की एका तबकडीवर.

उलटीबाजू

बरं, कोंबडी राहू दे. रीटा जाणारच.

पडघम

रीटाच्या शेवटचं ते श्वासांचं, हुंकारांचं पालुपद ऐकलंय का कधी हेडफोन लावून?