क्रॉन लावलात, पण घड्याळ कुठलं?

वरच्या पोस्टमध्ये एका दादांनी लिहिलंय की सर्व्हर रात्री बंद, सकाळी चालू करायची स्क्रिप्ट क्रॉनला (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामला) लावली की काम संपलं. पटतं, पण वेळेचं आधी तपासा. क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेलं मशीन बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याचं बिलिंग मी सांभाळतो. बंद रात्री ८ ला, चालू सकाळी ९ ला, असं मी सरळ लिहून मोकळा झालो. सर्व्हर बंद झाला रात्री दीडला. सकाळी सौदे निघाले, पट्ट्या (शेतकऱ्यांची विक्रीची बिलं) करायला मुनीमजी बसले, तर स्क्रीन कोरी! ती स्क्रिप्ट दुपारी अडीचला उठणार होती. तोवर मुनीमजींनी वहीवर पट्ट्या लिहिल्या आणि संध्याकाळी परत सगळ्या टाईप केल्या. त्यांचे ते श्रम माझ्यामुळे वाया गेले, याचं आजही वाईट वाटतं.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर वेळापत्रक लावायची सेवा आहे, इव्हेंटब्रिज शेड्युलर; तिच्यामध्ये टाइमझोन म्हणून 'एशिया/कोलकाता' देता येतो. यूटीसीवरच्या साध्या क्रॉनमध्ये रात्री ८ साठी १४:३० आणि सकाळी ९ साठी ३:३० ही वेळ लिहा.

क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) मिळत नाही, म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता द्या. आधीचं काम रेंगाळलं तर दुसरं त्यावर चढू नये म्हणून फ्लॉक (एका वेळी एकच काम चालू देणारी कुलूप-कमांड) वापरा. आणि मशीन बंद असलं तरी डिस्कचं आणि स्नॅपशॉटचं (डिस्कच्या साठवलेल्या प्रतींचं) भाडं चालूच राहतं, तेव्हा जुने स्नॅपशॉट काढून टाकायची स्क्रिप्टही लावा. पण पहिला आठवडा तिला फक्त यादी छापू द्या, काही पुसू देऊ नका.