विषय: उन्हाळी सहल, मुलांची किल्ले स्पर्धा आणि किनाऱ्यावरची वाळू

प्रेषक: एक पालक सभासद

समस्त सभासदांस सप्रेम नमस्कार,

यंदाची सहल शिकागोच्या ६३व्या रस्त्यावरील किनाऱ्यावर नेण्याचे ठरले असून मुलांसाठी वाळूच्या किल्ल्यांची स्पर्धा आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र स्पर्धेची जागा अगदी पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यात ठेवू नये, अशी सहल समितीस विनंती आहे. याच किनाऱ्यावर २००० साली एप्रिल ते सप्टेंबर असा अभ्यास झाला होता. त्यात पाण्याचे १,७४७ आणि वाळूचे ८५८ नमुने तपासले गेले. विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानला जाणारा ई-कोलाय हा जिवाणू सर्वाधिक आढळला तो काठावरच्या वाळूत. पाण्याखालच्या गाळात आणि खुद्द पाण्यात तो त्याहून कमी होता. नवी वाळू आणून टाकली, तर दोन आठवड्यांत तिच्यातही जिवाणूंनी बस्तान बसवले. सीगल पक्ष्यांचा थवा जिथे बसे, तिथे दुसऱ्या दिवशी त्याचा परिणाम स्पष्ट दिसे.

आपली नम्र,
दोन लहान मुलांची आई

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

सौ. वहिनींस नमस्कार,

आपली कळकळ समजते, परंतु पालकांच्या मनात विनाकारण धास्ती बसू नये म्हणून लिहितो. येथील किनारे आणि उद्याने सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टने २०१७ मध्ये पाण्याची डीएनएवर आधारित जलद चाचणी सुरू केली असून तिचा निकाल त्याच दिवशी हाती येतो. त्या दिवशी किनारा सुरक्षित असल्याचा झेंडा लागला असेल, तर मुलांना वाळूपासून दूर ठेवण्याचे कारण काय? शिवाय कोरड्या वाळूचा बुरूज दोन मिनिटेही टिकत नाही. किल्ला करायचा तर ओली वाळूच हवी, हे दिवाळीत मातीचे किल्ले केलेल्या आपल्या पिढीला निराळे सांगायला नको.

कळावे, लोभ असावा.

प्रेषक: एक पालक सभासद

आदरणीय काका, सा. न.

झेंड्याविषयीचा आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि नेमकी तिथेच गफलत होते. तो झेंडा पाण्याविषयी सांगतो. वाळूविषयी तो काहीच सांगत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ साली ठरवलेले निकषसुद्धा पाण्याचेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२१ मध्ये वाळूसाठी एक तात्पुरती मर्यादा सुचवली, ती दर ग्रॅमला ६० एंटेरोकोकाय जिवाणूंची. ई-कोलायप्रमाणे हेही विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानले जातात. वरच्या थरातले जिवाणू उन्हाने मरतात, पण थोडे खाली ओलावा असतो आणि ऊन पोहोचत नाही. मुले खणतात ती तिथेच, आणि पाच वर्षांच्या मुलाचा हात तोंडात जायला काही निमित्त लागत नाही.

धोका किती, हेही सांगायला हवे, कारण अवास्तव भीती मलाही नको आहे. सांडपाण्याच्या विसर्गापासून फार दूर नसलेल्या सात किनाऱ्यांवर सत्तावीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली होती आणि त्यांतले काही किनारे आपल्या मिशिगन सरोवराचेच होते. वाळू खणणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी न खणणाऱ्यांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी अधिक आढळल्या, तर अंगावर वाळू ओढून पुरून घेणाऱ्यांत २३ टक्क्यांनी. म्हणजे आकाश कोसळलेले नाही. पण मुलांना गळ्यापर्यंत वाळूत पुरून फोटो काढण्याची जी हौस आपल्या सहलीत दिसते, ती यंदा आवरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकागोतीलच दुसऱ्या एका अभ्यासातील अंदाजानुसार, वाळूत खेळलेल्या संपूर्ण हातावरचे जिवाणू पोटात गेले, तर हजारांपैकी ३३ जणांचे पोट बिघडेल. केवळ बोटाच्या टोकावरचे गेले, तर ११ जणांचे. स्वच्छ पाण्यात हात एकदा बुडवून काढला, तरी हा धोका काही अंशी कमी होतो.

किल्ल्यासाठी ओली वाळू हवी, या अडचणीवर उपाय आहे. काठापासून दूर, वरच्या कोरड्या भागात जागा आखून द्यावी आणि वाळू घरून कॅनमध्ये आणलेल्या नळाच्या पाण्याने भिजवावी. बुरूज तितकेच पक्के होतील.

आपली,
दोन लहान मुलांची आई

प्रेषक: सहल समिती

सर्वांस नमस्कार,

चर्चेअंती पुढीलप्रमाणे ठरले आहे. किल्ल्यांची जागा वरच्या कोरड्या भागात राहील आणि नळाच्या पाण्याचे कॅन समिती आणील. स्पर्धा संपल्यावर प्रत्येक मुलाचे हात साबणाने धुतल्याखेरीज भेळेची बशी हाती दिली जाणार नाही. वाळूने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करीत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. भेळेचे पातेले झाकून ठेवण्याची आणि सांडलेले कुरमुरे लगेच गोळा करण्याची जबाबदारी ज्येष्ठ काकांनी आनंदाने स्वीकारली आहे, कारण कुरमुरे दिसले की सीगल आलेच. ज्या मुलांच्या हातापायाला जखम असेल किंवा पोट बिघडलेले असेल, त्यांना पालकांनी वाळूत उतरवू नये. साबण आणि हात पुसायचे पंचे प्रत्येक कुटुंबाने आपापले आणावेत.