बॅकचं बटण डावीकडे की उजवीकडे? मूळ क्रम कुणाचा?

पोवईनाका_सातारा
अण्णांचा जुना सॅमसंग गेला, नवा दुसऱ्या कंपनीचा घेतला, आणि घरात रोज वादावादी. अण्णा मागं यायला सवयीनं उजवा कोपरा दाबतात. तिथं निघते चालू ॲपची यादी. "फोनच उलटा बनवलाय" म्हणून बोलणी मला. मुळात अँड्रॉइडमध्ये बॅक कुठं होतं?

दुरुस्तीवाला_विश्रामबाग
मी अण्णांच्या बाजूनं. सांगलीत आमच्या काउंटरवर २०१०-११ च्या सुमाराचे चार फोन ओळीनं ठेवले तर चौघांची चार तऱ्हा. गॅलेक्सी एस : मेनू, होम, बॅक. एचटीसी डिझायर : होम, मेनू, बॅक, सर्च. गूगलच्या नावाचा नेक्सस वन, एचटीसीनंच बनवलेला : बॅक, मेनू, होम, सर्च. पुढचा नेक्सस एस सॅमसंगकडून बनवून घेतला, तर सर्च आणि होमची अदलाबदल! घरच्या फोनलाच नियम नाही, तर बाकीच्यांना कोण विचारतंय.

२०११ च्या शेवटी गॅलेक्सी नेक्सस आला, अँड्रॉइड ४.० सोबत. बटणं स्क्रीनवर गेली : बॅक डावीकडे, होम मध्ये, चालू ॲप उजवीकडे. सॅमसंगनं मात्र आपल्या गॅलेक्सींवर बॅक उजवीकडेच ठेवलं. २०१४ च्या एस५ ला मेनू काढून त्याच जागी चालू ॲपचं बटण बसवलं, बॅकला हात लावला नाही. अण्णांचा अंगठा तिथं तयार झालाय.

मेनू गेलं ते बरंच झालं. दाबल्याशिवाय आत काय आहे कळायचं नाही, आणि काही ॲपमध्ये दाबून काहीच व्हायचं नाही. गिऱ्हाईक यायचं, "बटण गेलंय, बदलून द्या." बटण ठणठणीत! मी दुसरं ॲप उघडून दाखवायचो, तरी चेहऱ्यावर संशय. आता मेनूच्या जागी स्क्रीनवर तीन टिंबं निदान दिसतात तरी.

अण्णांसाठी : सेटिंग्जमध्ये वर 'नेव्हिगेशन' शोधा. बऱ्याच फोनमध्ये बटणांचा क्रम उलटा करता येतो.

मिरजकर_६६००
अँड्रॉइडचं कौतुक राहू द्या. २००३ च्या नोकिया ६६०० वर मेनूचं बटण दाबून धरलं की चालू असलेली सगळी ॲप समोर. पेन्सिलचं बटण धरून जॉयस्टिक सरकवायची, मजकूर निवडला जायचा, खाली 'कॉपी' यायचं. आयफोनला कॉपी-पेस्ट मिळायला जून २००९ उजाडला. आणि तेव्हा लोक आम्हाला म्हणायचे, तुमचा फोन जुनाट!

दुरुस्तीवाला_विश्रामबाग
@मिरजकर खरंय, पण जॉयस्टिकमध्ये धूळ गेली की तुम्हीच पहिले यायचा माझ्याकडे. पहिल्या अँड्रॉइडचंही ऐका : २००८ चा जी१, समोर पाच बटणं आणि ट्रॅकबॉल, पण स्क्रीनवर कीबोर्डच नाही. 'हो' लिहायलाही फोन सरकवून उघडा. स्क्रीनवरचा कीबोर्ड २००९ ला अँड्रॉइड १.५ मध्ये आला.

पोवईनाका_सातारा
सापडलं, 'नेव्हिगेशन'मध्येच होतं. धन्यवाद दादा. @मिरजकर, पेन्सिलचं बटण ६६०० वरच होतं का? माझ्याकडं नोकियाचाच ई६३ पडलाय, त्यावर दिसत नाही.

मिरजकर_६६००
एन७०, एन७३ ला पण होतं. ई६३ ला पूर्ण कीबोर्ड आहे ना, शिफ्ट धरून मधली की सरकवा, मग कंट्रोल आणि सी.