रोजची औषधं पोस्टानेच घ्या, ही कंपनीची सक्ती बरोबर आहे का?

टेक्सासवाली: ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा आरोग्य विम्याचा प्लॅन निवडायची मुदत, चालू आहे आणि ह्यांच्या कंपनीने जानेवारीपासून नवीन नियम काढलाय. बीपी, शुगर, थायरॉइड असली रोजची औषधं जवळच्या फार्मसीतून फक्त दोनदा मिळणार, तिसऱ्या वेळेपासून ९० दिवसांचा साठा मेल ऑर्डरनेच घ्यायचा, नाहीतर पूर्ण किंमत खिशातून. ह्यांना इन्सुलिन लागतं. न उघडलेली पेनं ३६ ते ४६ डिग्री फॅरेनहाइटमध्ये ठेवायची असतात, आणि इकडे डलासला गेल्या जुलैत खोका दुपारभर दारात उन्हात पडून होता, संध्याकाळी उघडला तर जेल पॅक पार वितळलेले, पेनं हाताला कोमट. दिसायला इन्सुलिन अगदी व्यवस्थित, पण ते टोचायचं कुठल्या भरवशावर? फोन केला तर म्हणे तक्रार नोंदवा, चौकशी करून बदलून देऊ. तोपर्यंत माणसाने काय करायचं? ज्याला सोयीचं आहे त्याने खुशाल मागवावं, माझा विरोध सक्तीला आहे.

एडिसनकर: ताई, इन्सुलिनचं शंभर टक्के पटलं, पण त्यावरून सगळ्या मेल ऑर्डरला नावं ठेवू नका. माझी बीपीची अमलोडिपिन आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन कित्येक वर्षं पोस्टाने येते, तीन महिन्यांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या कोपेत (आपण खिशातून भरायचा ठरलेला वाटा), रिफिल आपोआप, ऑफिस सुटल्यावर लाइनीत उभं राहायला नको. आपल्या लोकांत गोळी संपली की "जाऊ दे, पुढच्या आठवड्यात आणू" हे सर्रास चालतं, घरात साठा असला की खंड पडत नाही. सुट्टीत पुण्याला जाताना पण चिंता नसते. माजी सैनिकांचा व्हीए विभाग सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स पोस्टानेच पाठवतो, ते काय उगाच?

ओहायोचा_फार्मासिस्ट: व्हीएचं उदाहरण इथे लागू होत नाही हो. तिथे औषध देणारं आणि पैसे भरणारं एकच सरकार आहे. कंपनीच्या प्लॅनमध्ये मधे पीबीएम, म्हणजे प्लॅनच्या वतीने औषधांचे व्यवहार सांभाळणारी मध्यस्थ कंपनी, बसलेला असतो. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स, देशातली जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स या तिघांच्या हातातून जातात, एफटीसीनेच (सरकारचा व्यापार आयोग) जुलै २०२४ च्या अहवालात हे मांडलंय, आणि तिघांच्याही गटाच्या स्वतःच्या मेल ऑर्डर फार्मसी आहेत. म्हणजे कुठून घ्यायचं हा नियम बनवण्यात ज्याचा हात, दुकानही त्याचंच. आणि ९० दिवसांचं म्हणाल तर महिन्याभरात डॉक्टर डोस बदलतात, उरलेल्या ६० दिवसांच्या गोळ्या कचऱ्यात, त्या वाया गेलेल्या गोळ्या बचतीच्या हिशोबात कोणी धरत नाही.

बेनिफिट्सवाली: मी एचआरमध्ये हेच काम करते म्हणून दुसरी बाजू सांगते. बहुतेक मोठ्या कंपन्या सेल्फ फंडेड असतात, औषधांचं बिल इन्शुरन्स कंपनी नाही, आपली कंपनीच भरते. तो खर्च वाढला की पुढच्या वर्षी सगळ्यांचा प्रीमियम वाढतो, ज्याला एकही गोळी लागत नाही त्याचा पण. सक्ती काढली तर लोक सवयीने जवळच्याच दुकानात जातात आणि मेल ऑर्डरचा जास्तीचा डिस्काउंट हातचा जातो. अँटिबायोटिक वगैरे तातडीची औषधं तर कुठल्याच प्लॅनमध्ये पोस्टाने घ्यायला लावत नाहीत.

टेक्सासवाली: @बेनिफिट्सवाली डिस्काउंट कशावर, ते कोण तपासतं? जॉन्सन अँड जॉन्सनवर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्याच एका कर्मचारी बाईने केस केली होती, आरोप असा की एका जेनेरिक औषधाच्या ९० गोळ्यांना प्लॅनने १० हजार डॉलरच्या वर मोजले आणि बाहेर अनेक दुकानांत त्याच गोळ्या शंभर डॉलरच्या आत मिळत होत्या. कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये मुख्य दावे काढून टाकले ते तिला दावा लावायचा हक्क नाही म्हणून, किंमत योग्य होती असं काही म्हटलं नाही. उद्योगपती मार्क क्युबनची ऑनलाइन फार्मसी कॉस्ट प्लस २०२२ पासून खरेदी किमतीवर १५ टक्के आणि वर ठरलेली फी असा हिशोब साइटवरच दाखवते, तीही पोस्टानेच पाठवते. मग आपल्या प्लॅनला तेवढं दाखवायला काय हरकत आहे?

एडिसनकर: हिशोब दाखवा ही मागणी रास्त आहे, त्यावर मी तुमच्या बाजूने. पण सगळ्यांना मोकळं सोडलं तर प्रीमियमचा बोजा माझ्यावरही येणार, तो मी का उचलू?

ओहायोचा_फार्मासिस्ट: जवळचं दुकान बंद पडलं की तोही बोजाच आहे दादा. राइट एड या फार्मसी साखळीची सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, आता रात्री पोराला ताप आला की कुठे जाणार? टेक्सासवाली ताई, तुम्ही ह्यांच्या डॉक्टरांकडून इन्सुलिनसाठी एक्सेप्शनचं (नियमातून सूट मागणारं) पत्र आत्ताच घ्या, जानेवारीची वाट बघू नका, आणि प्लॅनचं उत्तर लेखीच मागा.

बेनिफिट्सवाली: हो, आणि नकार आला तर अपील करता येतं. आमच्याकडे इन्सुलिनची अशी अपिलं मंजूर झालेली आहेत.